विज्ञानकथेतील दोन काळ

एच. जी. वेल्स यांची ‘टाइम मशीन’ ही कादंबरिका १८९५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक आठ लक्ष वर्षांपलीकडच्या भविष्यात जाऊन येतो, त्याच्याही पलीकडे जाऊन मावळत चाललेल्या पृथ्वीवरचा निस्तेज सूर्य पाहतो आणि परत येऊन आपल्या मित्रांना तो सारा वृत्तांत सांगतो. पुढे तो पुन्हा निघतो आणि या खेपेस मात्र परत येत नाही. तो भूतकाळात गेला की भविष्यकाळात, हे निवेदकाला ठाऊक नाही. तो दोन्ही दिशांचा विचार करतो आणि प्रश्न तसाच सोडून देतो. विज्ञानकथेच्या रसिकाचे चित्त कोणत्या काळात गुंतलेले असते, या प्रश्नाचे उत्तर या अनिर्णयात दडलेले आहे असे मला वाटते. हा रसिक केवळ उद्याच्या यंत्रांकडे डोळे लावून बसलेला असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याला ओढ असते ती वर्तमानापासून दूर जाण्याची आणि त्या अंतरावरून वर्तमानाकडे पाहण्याची. हे अंतर मागे मोजले काय नि पुढे मोजले काय, त्याच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

मराठी वाचकापुरते बोलायचे तर यातील एक ओढ त्याच्या अंगवळणी फार पूर्वीच पडलेली आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’पासून रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’पर्यंत आणि पुढे विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’पर्यंत ऐतिहासिक कादंबरीने या वाचकाला जेवढे वेड लावले, तेवढे क्वचितच दुसऱ्या वाङ्मयप्रकाराने लावले असेल. पण ऐतिहासिक कादंबरीला एक मर्यादा जन्मतःच असते. शेवट ठरलेला असतो. थोरले माधवराव थेऊरला जाणार आणि विश्वासरावाला गोळी लागणार, हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. लेखक प्रसंग रंगवू शकतो, मनाचे व्यापार उलगडू शकतो. गोळीची दिशा बदलणे त्याच्या हाती नसते. इतिहासकाराचे तर विचारूच नये. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली, म्हणजे युद्धाला दोनशे वर्षे झाली तेव्हा, मराठीत आला. त्या ग्रंथाच्या वाचकालाही कारणमीमांसा समजून घेतल्यावर एक हुरहूर लागून राहतेच : असे झाले नसते तर? इतिहासशास्त्र या ‘जर-तर’ला उंबरठ्याच्या आत घेत नाही. ऐतिहासिक कादंबरी त्याला नुसता उसासा टाकू देते. त्या प्रश्नाला घरात घेऊन पाटावर बसवण्याचे काम विज्ञानकथेने केले.

मराठीत हा प्रकार पाहुणा म्हणून आला. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळकोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कथेने मराठी वेष धारण केला. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांपैकी एक गणली जाते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न यांना मराठी मुलांच्या घरी आणून सोडले. नारायण धारपांनी भयकथेच्या शेजारीच विज्ञानकथेचे दुकान मांडले. तरीही साहित्याच्या पंगतीत तिला मानाचे पान नव्हते. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ही आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचली की जयंत विष्णु नारळीकर हे नाव हाती लागते. परीक्षकांना हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत मंगला नारळीकर यांच्या हातची होती. विश्वविख्यात शास्त्रज्ञाने आपल्या नावाचे वजन बाजूला ठेवून मराठी कथेच्या परीक्षेला बसावे, यात त्या प्रकाराविषयीचा आदर दिसतो. यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे आदींनी हे दालन भरून टाकले. फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढला. आता ही कथा पाहुणी राहिलेली नाही. म्हणूनच तिचे कौतुक करण्याबरोबर तिची झडती घेण्याचीही वेळ आली आहे.

झडतीसाठी मी नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घेतो, कारण भूत आणि भविष्य यांची विज्ञानकथेतील गाठ मराठीत इतक्या स्वच्छपणे अन्यत्र क्वचितच दिसेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत हे सभांचे अध्यक्षस्थान भूषविण्यात मुरलेले गृहस्थ. पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय झाले असते, या विषयाचा विचार मनात घोळत असतानाच त्यांना अपघात होतो आणि ते एका निराळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तेथे ईस्ट इंडिया कंपनी नांदते आहे. ग्रंथालयात बसून ते आपल्याच नावाचे ग्रंथ चाळतात, आणि इतिहासाचा फाटा कोठे फुटला ते त्यांना सापडते : विश्वासरावाला लागायची ती गोळी त्याच्या कानाजवळून निघून गेली. तेवढ्यावर मराठ्यांचे राज्य तरले आणि हिंदुस्थानचे पुढचे दीडदोन शतकांचे चरित्रच पालटले. संध्याकाळी आझाद मैदानावर एक सभा चाललेली असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. ती पाहून पंतांना राहवत नाही. त्या जगातील श्रोत्यांना मात्र अध्यक्षीय भाषणांचा वीट आलेला असतो. पुढे पंतांची जी दशा होते ती वाचकाने मुळातूनच वाचावी.

या कथेचे मोठेपण तिच्या शीर्षकात आहे. ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता धुव्वा उडणे, हा वाक्प्रचार मराठी माणसाच्या जिभेवर २६० वर्षांहून अधिक काळ बसलेल्या त्या पराभवातूनच आला. मराठे जिंकले त्या जगात गंगाधरपंत जातात आणि स्वतःचे ‘पानिपत’ करून घेऊन परत येतात. पण जरा थांबून विचार केला तर ध्यानात येते की त्या दुसऱ्या जगात हा वाक्प्रचार असणेच शक्य नाही. तेथील मराठीत ‘पानिपत’ या शब्दाचा अर्थ विजय असा झाला असता. म्हणजे एक गोळी चुकली की केवळ सिंहासने आणि सरहद्दी बदलत नाहीत, घरात बोलली जाणारी भाषा बदलते. आपला पराभव आपण ग्रंथांत ठेवतो त्याहून अधिक शब्दांत साठवून ठेवतो. लेखकाने हे कोठे बोलून दाखविलेले नाही. शीर्षकाने ते सहज साधले आहे. अशी सूचकता ही ललितकृतीची खूण होय. विज्ञानकथेत विज्ञान असते पण साहित्य नसते, असा आक्षेप घेणाऱ्यांनी निदान या चार अक्षरांकडे तरी पाहावे.

आता उणी बाजू. कथेच्या उत्तरार्धात पंतांचे मित्र राजेंद्र त्यांना घडलेल्या प्रकाराचे शास्त्रीय स्पष्टीकरण देतात. लहानशा कारणातून परिणामांत एकाएकी प्रचंड तफावत कशी पडते आणि सूक्ष्म कणांच्या जगात एकाच वेळी अनेक शक्यता कशा नांदतात, ते समजावून सांगतात. हे स्पष्टीकरण सुबोध आहे. तीस वर्षे फळ्यापाशी उभा राहिलेला माणूस त्याला पैकीच्या पैकी गुण देईल. परंतु कथा म्हणून पाहता, तेथे पात्रे थांबतात आणि पाठ सुरू होतो. पंतांच्या मनावर त्या जगाचा काय ठसा उमटला? जिंकलेला महाराष्ट्र डोळ्यांनी पाहून पुन्हा हरलेल्या महाराष्ट्रात परतणाऱ्या इतिहासकाराच्या जिवाची उलघाल केवढी असेल! लेखक तिला थोडक्यात उरकतो. मराठी विज्ञानकथेचा हा जुनाच दोष आहे. सिद्धांताची बाजू पक्की झाली की माणसाची बाजू आपोआप सांभाळली जाईल, असा तिचा समज असतो.

दुसरे उणेपण अधिक महत्त्वाचे वाटते. हा पर्यायी इतिहास पुणे आणि मुंबई या दोन खिडक्यांतून दिसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला साहजिकच तिसरी खिडकी उघडावीशी वाटते. पानिपतावर जय मिळाला असता तर नागपूरकर भोसल्यांचे काय झाले असते? १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी निवर्तले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. ते टिकले असते काय? भोसल्यांच्याही आधी ज्यांचे राज्य होते त्या देवगडच्या गोंडांना या विजयातून काय मिळाले असते? जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला पर्यायी इतिहास कधी कधी खऱ्या इतिहासाइतकाच एकांगी होतो. ‘असे झाले असते तर’ या प्रश्नाला लगेच ‘कोणासाठी?’ हा दुसरा प्रश्न जोडला गेला पाहिजे.

पांढुर्णा आणि सौंसर या भागांत पर्यायी इतिहास हा काही केवळ ग्रंथांतला विषय नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या मध्यप्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी गेली, आणि आमचा छिंदवाडा जिल्हा सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी गावांसकट नव्या मध्यप्रदेशात राहिला. नकाशावरची रेघ थोडी वर सरकली असती तर येथल्या तीन पिढ्यांच्या शाळा, कचेऱ्या, अर्जांची भाषा आणि नोकऱ्यांची गावे निराळी झाली असती. येथे घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि दवाखाना-बाजारासाठी नागपूर असा व्यवहार आजही चालतो. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले; पण ही रेघ राज्याच्या आतली. विश्वासरावाची गोळी चुकली असती तर, हा प्रश्न पुण्याच्या वाचकाला कल्पनाविलास वाटेल. आमच्या मुलांना तो भूगोलाच्या तासालाच भेटतो. मात्र त्याचे उत्तर म्हणून नुसती हळहळ देणे हा त्या मुलांवर अन्याय आहे. ती रेघ वर सरकली असती तर येथला मराठी माणूस सुखी झाला असता, हे गृहीत धरण्यालाही आधार नाही. गंगाधरपंतांना जिंकलेल्या जगातही मैदानावरून पळ काढावाच लागला, हा त्या कथेचा बोध येथे विसरता कामा नये.

भूतकाळाशी दोन प्रकारे वागता येते, आणि यातील एक प्रकार आमच्या गावाने जगाला दाखविला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्णा नि दुसऱ्या काठावरून सावरगाव अशी गोटमार चालते. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणताना नदीत दोघांवर दगड पडले, अशी तिची एक दंतकथा सांगतात. दुसऱ्याही कथा आहेत. मूळ घटना कोणतीही असो, दरवर्षी तिचा तोच प्रयोग होतो आणि दरवर्षी माणसे जायबंदी होतात. त्या दोघांना पैलतीराला सुखरूप पोचू दिले असते तर, असा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारीत नाही. हे भूतकाळाचे पुनराचरण झाले. विज्ञानकथा करते तो भूतकाळाचा पुनर्विचार. ती घटना पुन्हा मांडते ती एक दगड बाजूला ठेवून. मग पुढे काय काय बदलते ते प्रामाणिकपणे मोजू लागते. इतिहासाचे वेड आणि इतिहासाची समज यांत जो फरक आहे, तोच या दोहोंत आहे.

भूतकाळाच्या ओढीचा आणखी एक धोका आपल्याकडे विशेष बळावलेला आहे. तो म्हणजे उद्याचे सारे काही आपल्या पुराणांत कालच सापडते ही समजूत. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची कथा आहे. कन्या रेवतीसाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी जातो, गायन संपेपर्यंत क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. कथा अपूर्व आहे यात संशय नाही. तीव्र गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो या आइनस्टाइनच्या सिद्धांतावर उभी असलेली ‘कृष्णविवर’ वाचताना तिची आठवण व्हावी हेही स्वाभाविक आहे. पण आठवण होणे वेगळे आणि शोधाचा हक्क सांगणे वेगळे. ककुद्मीच्या कथेत काळाचा फरक हा ब्रह्मलोकाचा महिमा आहे. तो किती पडावा याला नियम नाही आणि कोणी तो मोजू शकत नाही. विज्ञानकथेत तो नियमाने पडतो, त्याचे गणित मांडता येते, आणि गणित चुकले तर कथाही कोसळते. पुराणकथेची थोरवी तिच्या कल्पनेत आहे. तिच्या अंगावर प्रयोगशाळेचा डगला चढवल्याने ती वाढत नाही.

या मोहाला नारळीकरांनी दिलेले उत्तर मला फार मार्मिक वाटते. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीच्या पोटात खोलवर एक प्राचीन पेटी सापडते. आपल्याहून कितीतरी प्रगत अशा एका लुप्त संस्कृतीचे ज्ञान तीत साठवलेले असते. पूर्वजांची थोरवी सिद्ध झाली म्हणून ढोल वाजवायला याहून चांगली संधी कोणती? पण लेखक पुढचा प्रश्न विचारतो : एवढी प्रगत संस्कृती नष्ट का झाली? उत्तर तिच्याच यंत्रमानवात असते. त्या ज्ञानावरून वामन नावाचा यंत्रमानव पुन्हा घडविला जातो, आणि तीन पावलांत सारे व्यापणाऱ्या बटूचे नाव त्याला का दिले ते हळूहळू उमगू लागते. येथे पुराणातील नाव अलंकार म्हणून आलेले नाही. ते धोक्याचा इशारा म्हणून आले आहे. भूतकाळाचा अभिमान बाळगायचाच असेल तर त्याच्या नाशाचे कारणही पत्करा, असे ही कादंबरी सांगते. बुद्धिमान यंत्रे घरोघरी पोचली आहेत अशा आजच्या दिवसांत तिचे महत्त्व वाढलेच आहे.

एक गोष्ट या संदर्भात नोंदवण्याजोगी आहे. नारळीकरांनी आपले गुरू फ्रेड हॉयल यांच्याबरोबर १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, आणि विश्वाला एका महास्फोटातून आरंभ झाला हे मत त्यांनी अखेरपर्यंत निमूटपणे मान्य केले नाही. हॉयल स्वतःही विज्ञानकथाकार होते. त्यांच्या १९६६ सालच्या एका कादंबरीत पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी शतके एकाच वेळी नांदताना दिसतात. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारलेल्या मताविरुद्ध आयुष्यभर उभा राहणारा माणूस कथेतही ‘हे असेच का? दुसरा पर्याय नाही का?’ असे विचारतो, यात मला एकच स्वभाव दिसतो. त्यांचे विश्वशास्त्रातील मत टिकेल न टिकेल, तो निकाल दुर्बिणी देतील. साहित्यात मात्र हा प्रश्न विचारण्याची सवयच मोलाची असते.

आमच्या मुलांच्या दृष्टीने या प्रकाराचे महत्त्व काय, हे सांगून लेख आवरतो. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ इंग्रजी रूपात केंद्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली. तेथे तिचे शीर्षक ‘ॲडव्हेंचर’ असे झाले आहे, म्हणजे नुसते साहस. शीर्षकातले पानिपत गेले आणि त्याबरोबर वाक्प्रचार गेला, पराभव गेला, विनोदही गेला. पांढुर्ण्याचा एखादा मराठी मुलगा ही कथा इंग्रजीत वाचून, हिंदीत समजावून घेऊन, परीक्षेत उत्तर लिहील. ती मुळात त्याच्या आजीच्या भाषेत लिहिलेली आहे आणि तिचे मर्म त्या भाषेवाचून उघडत नाही, हे त्याला कोणी न सांगितल्यास कळणार नाही. ते सांगणे हे शाळांचे, ग्रंथालयांचे आणि अकादमीसारख्या संस्थांचे काम आहे. मूळ मराठी कथा त्याच्या हाती देण्यासाठी कोठल्या शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही. शाळेच्या कपाटात दोनचार पुस्तके पुरतात.

आणि सीमेवरची मराठी ही काही उरलीसुरली मराठी नव्हे. ज्या लेखकाने मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली, ज्याच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ज्याची २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली आणि ज्याने २० मे २०२५ रोजी पुण्यात जगाचा निरोप घेतला, तो जन्मला कोल्हापुरात खरा, पण त्याचे बालपण आणि शालेय शिक्षण वाराणसीत झाले. आजूबाजूला हिंदी, घरात मराठी, अशाच स्थितीत त्याची भाषा वाढली. मराठी मुलखाच्या बाहेर वाढलेल्या मुलाने मराठीत नवे दालन उघडले, हा पर्यायी इतिहास नव्हे. घडलेला इतिहास आहे. संत्र्याच्या बागा, आटत चाललेल्या विहिरी आणि सातपुड्याची जंगले यांचे पन्नास वर्षांनंतरचे चित्र मराठीत कोणी रंगवायचे असेल, तर तो लेखक सौंसर-पांढुर्ण्याच्या एखाद्या वर्गात आज बसलेला असू शकतो. त्याला भूतकाळ ठाऊक हवा, भविष्याची भीड नको, आणि दोन्ही मांडायला स्वतःची भाषा हवी. यातली तिसरी गोष्ट त्याला देणे अजूनही आपल्या हातात आहे.